नाकानोच्या कोसिनाची १५ एमएम लेन्स

ही लेन्स बघा, वजन जेमतेम १०५ ग्रॅम, आणि दिसतं किती तर ११० अंश. म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहिलं तर तुमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच फोटोत येतात, आणि भिंतींच्या रेषा वाकत नाहीत, सरळच्या सरळ राहतात. १९९९ ची सुपर वाइड हेलियार, १५ एमएम (फोकल लेंथ, हा आकडा जितका लहान तितकं जास्त दिसतं), एफ ४.५ (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप). वरचं नाव फोइग्टलेंडर, १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या कंपनीचं. पण लेन्स बनली जपानमध्ये, नागानो प्रांतातल्या नाकानो गावात, कोसिनाच्या कारखान्यात.

कोसिना १९५९ पासूनची. काचा घासायच्या, लेन्स जुळवायच्या, आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावाने कॅमेरे बनवून द्यायचे. निकॉन एफएम१० आठवतो ना, आपल्याकडे फिल्मवर शिकलेल्या बऱ्याच जणांनी वापरला असेल, तो यांनीच बनवलेला. ऑलिम्पस ओएम-२००० पण यांचाच. ग्राहकाला कोसिना हे नावच माहीत नसायचं. कंपनीचे प्रमुख हिरोफुमी कोबायाशी स्वतः कॅमेऱ्यांचे वेडे, आणि सगळे ऑटोफोकसच्या मागे धावत असताना या माणसाने रेंजफाइंडरसाठी, म्हणजे ज्यात लेन्समधून नाही तर वेगळ्या खिडकीतून बघून हाताने फोकस जुळवतात त्या कॅमेऱ्यांसाठी, लेन्स काढायच्या ठरवल्या.

आता रेंजफाइंडरच का? एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात, आत आरसा असतो, तो वर उचलला जायला जागा लागते, म्हणून निकॉनमध्ये लेन्सच्या माउंटपासून (लेन्स जिथे बसते तिथपासून) फिल्मपर्यंत ४६.५ एमएम अंतर ठेवावं लागतं. १५ एमएमची लेन्स तेवढ्या लांबून चालवायची तर काचा वाढतात, आकार वाढतो, किंमत वाढते. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही, लायका या जर्मन कॅमेऱ्यांच्या जुन्या स्क्रू माउंटला हेच अंतर २८.८ एमएम, आणि मागची काच त्याहूनही आत, फिल्मच्या अगदी जवळ नेता येते. म्हणून ८ काचांत काम झालं.

पण मला या लेन्समध्ये सगळ्यात आवडतं ते म्हणजे काय काय ठेवलंच नाही. कॅमेऱ्यातल्या अंतर मोजणाऱ्या यंत्रणेशी, म्हणजे रेंजफाइंडरशी, जोडणी नाही, फोकस अंदाजाने लावायचा, आणि ते चालतं, कारण एफ ८ ला १ मीटरवर रिंग ठेवली की साधारण अर्ध्या मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. मग जोडणीचा खर्च कशाला? तिच्यासोबत आलेला बेसा-एल कॅमेराही तसाच, त्यात बघायला खिडकीच नाही! लेन्सबरोबर मिळालेला छोटा व्ह्यूफाइंडर कॅमेऱ्याच्या वरच्या शूमध्ये (खाचेत) सरकवायचा आणि त्यातून बघायचं.

याआधी लायकासाठी १५ एमएम नव्हती असं नाही, १९७२ ची झाइसची होलोगॉन होती, पण तिचं अ‍ॅपर्चर एफ ८ लाच कायमचं, कडा काळ्या पडू नयेत म्हणून पुढे खास फिल्टर लावायचा, आणि किंमत साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर. कोसिनाने तोच अँगल पगारदार माणसाच्या बॅगेत आणला, आणि मला विचाराल तर हे फार मोठं काम आहे.

मग थांबले नाहीत. त्यानंतर १२ एमएम, १२१ अंश. २००६ मध्ये बेसा आर४ कॅमेरा, ज्याच्या खिडकीतच २१ एमएमच्या फ्रेमलाइन्स (फोटोत किती येईल ते दाखवणाऱ्या रेषा), म्हणजे २१ साठी वेगळा फाइंडर नको.

डिजिटल आलं तेव्हा मात्र जी गोष्ट फायद्याची होती तीच आडवी आली. मागची काच इतकी जवळ, की कोपऱ्यांत किरण फारच तिरके पडतात. फिल्मला त्याचं काही नव्हतं, सेन्सरवर मात्र कोपरे जांभळट व्हायला लागले. म्हणून २०१५ मध्ये लेन्स नव्याने आखली, काचा ११ झाल्या, वजन दुपटीच्या वर गेलं, कोपरे स्वच्छ आले. आणि पुढच्याच वर्षी १० एमएम काढली, १३० अंश! फिल्म वापरत असाल तर मात्र जुनी १०५ ग्रॅमवालीच घ्या, खिशात राहते आणि तिला अजूनही काही कमी पडत नाही.