कावळ्याची मान

मागे उभे राहू नका, पुढच्या सतरंजीवर या. चित्रकलेच्या तासालाही पहिला बाक असाच रिकामा असायचा, रंगाचं पाणी अंगावर उडेल म्हणून.

परळच्या एका मराठी शाळेत मी 31 वर्षं चित्रकला शिकवली. शिकवली म्हणायचं एवढंच. त्यातला बराच काळ फळ्यावर सुविचार लिहिण्यात, प्रमाणपत्रांवर नावं टाकण्यात आणि स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवण्यात गेला. आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास, त्यातला एक परीक्षा जवळ आली की गणिताकडे जायचा. उरलेल्या वेळात मुलाला द्यायचं काय? मी ठरवलं, बघायला लावायचं. बाकीचं बघू.

पाचवीच्या वर्गाला दरवर्षी कावळा काढायला सांगायचे. पाच मिनिटांत चाळीस कावळे तयार, सगळे डांबरासारखे. मग वह्या मिटायच्या आणि वर्ग व्हरांड्यात. समोर जंगली बदामाचं झाड होतं, त्यावर कावळ्यांची सभा बारमाही. दहा मिनिटं नुसतं बघायचं, पेन्सिल हातात घ्यायची नाही. पहिली तीन-चार मिनिटं ढकलाढकलीत जायची. मग कुणीतरी ओरडायचं, "बाई, ह्याची मान मळकी आहे!"

मळकीच असते. मुंबईचा गावकावळा मानेशी राखाडी असतो. सगळा काळा तो डोमकावळा. डब्यातली पोळी रोज पळवणारा हा पक्षी, आणि दहा वर्षांत त्याची मान कुणाच्या नजरेत भरली नव्हती. वर्गात परतल्यावर पुढची पंचाईत. काळ्यात पांढरा मिसळला की राखाडी येतो खरा, पण तो सिमेंटचा, पिसांचा नाही. म्हणून काळ्याची बाटली मी कपाटात टाकायचे. गडद निळा आणि गडद तपकिरी एकत्र केले की जवळजवळ काळा होतो. निळा चुकून जास्त पडला तर पंखावरची चकाकी फुकटात मिळते, आणि त्याच रंगात पाणी वाढवलं की मान. हे मी सांगायचे नाही. दोन बाटल्या बाकावर ठेवायच्या आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम.

आता एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांबद्दल विचारणार तुम्ही. मीही ढिगानं मुलं बसवली त्या परीक्षांना, आणि त्या वाईट नाहीत. वस्तुचित्रामुळे तांब्याचा गळा आणि पोट डोळ्यांनी मोजायची सवय लागते. माझं भांडण आहे ते स्मरणचित्र पाठ करून घेणाऱ्या क्लासेसशी. तिथे चार ठरलेली माणसं काढायला घोटून घेतात: एक पाठमोरा, एक टोपलीवाली, एक पिशवीवाला, एक छत्रीवाला. विषय भाजीमंडईचा असो की रेल्वे स्टेशनचा, तेच चौघे हजर. परळ स्टेशनच्या जिन्यावरून रोज अंग चोरत येणारा मुलगा स्टेशन काढतो, आणि चित्रात एका माणसाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही! मग हे स्मरण कुणाचं? क्लासच्या सरांचं.

खोड जुनी आहे. 1857 मध्ये आपल्याकडे मुंबईत जे. जे. ही कलाशाळा सुरू झाली, तेव्हा कारागिराचा हात तयार करणं हा मोठा हेतू होता. त्यासाठी गिरवणं ठीकच. पण लहान मूल म्हणजे छोटा कारागीर नव्हे. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक या कलाशिक्षकानं 1897 मध्ये मुलांसाठी मोकळा वर्ग काढला. आपल्याकडे शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नई तालीम शाळेत मुलांना चित्रं काढू देत राहिले. म्हणजे हे सगळं कुणी सांगितलंच नव्हतं, असं नाही.

दुसरीतल्या एकानं लोकल काढली होती. डबा बाहेरून, पण पत्रा काचेचा असावा तशी आतली माणसं दिसत होती. लेडीज डब्यातली आई डब्याहून उंच, डोकं थेट टपाच्या वर. पालकसभेत आईच म्हणाली, "बाई, तुम्ही चूक दाखवली नाहीत त्याला?"

म्हटलं, "तुम्ही कितीची गाडी पकडता?"

"सहा बावन्नची."

"मग त्या गाडीत त्याला दुसरं कोण मोठं दिसणार?"

त्या वयात मूल दिसतं तेवढंच काढत नाही, माहीत असतं ते काढतं. आत माणसं आहेत हे माहीत आहे, मग ती झाकायची कशाला? हे वय कुणी न शिकवता सरतं. नऊ-दहाव्या वर्षी तेच मूल "मला चित्र येत नाही" म्हणायला लागतं, कागदाला भोक पडेपर्यंत खोडतं. शिक्षकाची खरी गरज तिथे, आणि नेमकी तिथेच आम्ही घाई करतो. मी केली.

सातवीत गणपतीच्या कारखान्यातला एक मुलगा होता. भाद्रपदाच्या आधी महिनाभर हजेरी जेमतेम, नखांत सोनेरी रंग. एकदा तो चेहरा काढत होता. मी "असा नव्हे" म्हणत ब्रश त्याच्या हातातून घेतला आणि डोळा नीट करून दिला. तो काही बोलला नाही. तास संपल्यावर टेबलाशी आला. "बाई, तुम्ही मध्येच श्वास सोडलात. आखणी करताना श्वास धरायचा."

दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्गासमोर करून दाखवायला सांगितलं. करंगळी कागदाला टेकवून त्यानं वरच्या पापणीची कड एका दमात ओढली, मग सोडला श्वास. तेव्हापासून मी पर्समध्ये पाठकोरे कागद ठेवते. काही दाखवायचं तर त्यावर, मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. त्या दिवशी उरलेला तास त्यानंच घेतला. मी दुसऱ्या बाकावर बसून तीन डोळे आखले. तिसराही तिरळाच आला.