भाकरीचा वाटा आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ

श्रोतेहो, नमस्कार.

पाचवीच्या वर्गात मी विचारलं, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" निम्मा वर्ग ओरडला, "चतुर्थांश! चार मोठे ना, सर!" आदल्या संध्याकाळीच या मुलांनी अपूर्णांकांवरचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता. चूक माझ्या आखणीत होती.

थोडं घरी मोबाइलवर, थोडं वर्गात शिक्षकांसोबत, अशा शिकण्याला मिश्र अध्ययन म्हणतात. साहित्याची आपल्याकडे वाण नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन केला, की त्या पाठाचं साहित्य उघडतं. पुस्तकात असे कोड घालण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला. २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, हे आपण जाणताच. अडतं ते पुढे. कोणतं काम घरी द्यायचं आणि कोणतं वर्गासाठी राखायचं, हे शिक्षकालाच ठरवावं लागतं.

मी तो पाठ पुन्हा बांधला. व्हिडिओचा फक्त तीन मिनिटांचा भाग दिला आणि सोबत एकच प्रश्न: एक भाकरी तिघांत वाटली, तेवढीच दुसरी चौघांत, तर कुणाचा वाटा मोठा? चित्र काढून आणा. बऱ्याच घरांत फोन वडिलांसोबत कामावर जातो, म्हणून दोन दिवसांची मुदत ठेवली. ज्यांच्या घरी फोनच नाही, त्यांना परिपाठाआधी शाळेच्या टॅबवर बसवलं. ही सोय आधी करायची, मग पाठ आखायचा; नाहीतर तीच मुलं मागे पडतात, आणि मला ते सोसवत नाही.

तिसऱ्या दिवशी आधी वह्या पाहिल्या. एका मुलीने चौघांची भाकरीच मोठी काढली होती! व्हिडिओला हे कधी दिसलं नसतं. तिला मी सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या. चार घड्या झटकन झाल्या. तीन काही जमेनात. कागद चुरगळला, दुसरा घेतला. अखेर तिने दोन्ही घड्या एकमेकींवर ठेवल्या, बोटाने कडा चाचपली आणि म्हणाली, "सर, माणसं वाढली की वाटा बारीक होतो."

त्या संध्याकाळी तिला व्हिडिओ दिला नाही. प्रश्न दिला: एक पंचमांश मोठा की एक षष्ठांश? पट्टी न घेता सांग.