समुद्र नसलेल्या गावातली होडी

(बेळगावातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘कॅटमरानच्या तुटलेल्या सुकाणूंची दुरुस्ती’. त्यावर येतोच. पण गेली तीन वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातोय, बेळगावात होडी कशाला? म्हणून आधी तेवढं सांगतो. माझं म्हणणं असं की जुनी होडी दुरुस्त करायला समुद्रापेक्षा कारखान्याची जास्त गरज असते, आणि उद्यमबागसारखी कारखान्यांची जागा किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांना नाही. पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) करणारा, ओतकाम करणारा, लेथवाला असे तिघेही एका हाकेच्या अंतरावर. मी स्वतः पॅटर्नच्या कामात आयुष्य काढलं, तेव्हा हे अभिमानाने बोलतोय असं धरून चाला.

कॅटमरान हा शब्दही आपल्याला परका नाही. तो तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलाय. इथे बसलेल्या प्रत्येकाला थोडंफार कन्नड येतं. कट्टू म्हणजे बांध, मर म्हणजे झाड. झाडाचे ओंडके एकाला एक बांधून केलेला तराफा, एवढाच मूळ अर्थ. युरोपातले लोक कोरोमंडलच्या किनाऱ्यावर आले, शब्द घेऊन गेले आणि पुढे तो दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी दोन अंगं, असलेल्या होडीला चिकटला. आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीला मुख्य होडीशेजारी एक हलकं लाकूड बांधलेलं असतं. रुंदी वाढवून तोल धरायचा, ही युक्ती दोन्हीकडे तीच.

आमची होडी गोव्याहून आली. हॉबी 16 जातीची. अमेरिकेत हॉबी आल्टर यांनी 1970 च्या सुमारास ही बाजारात आणली. लांबी पाच मीटरच्या किंचित वर, रुंदी 2.41 मीटर, वजन सुमारे 145 किलो. म्हणजे चार जणांनी वाळूवर ओढावी एवढीच. हल, आडवे पाइप आणि ट्रॅम्पोलिन (दोन हलमधलं बसायचं ताणलेलं कापड) सगळं सुटं होतं, म्हणून टेम्पोत बसलं. डोलकाठी मात्र आठ मीटरची. ती केबिनवरून पुढे आणि हौद्यामागे, दोन्हीकडे बाहेर. मागच्या टोकाला लाल फडकं बांधलं आणि साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढायला लागलो.

घाटात धुकं. ड्रायव्हरचा मुलगा हौद्यात उभा राहून वळणावळणावर ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतोय, आणि मी डोलकाठीवर हात ठेवून बसलेला, जसं काही माझ्या हाताने ती धरून राहणार होती. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी थांबून दोर पुन्हा आवळले. जांबोटीला चहाला उतरलो, तर टपरीवरच्या मावशी ती काठी, ते फडकं बघून म्हणाल्या, “ही सासनकाठी कुठल्या देवाची ओ?” आम्ही म्हटलं, होडीची आहे. त्यांनी टेम्पोकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. ‘नवीन कामाला निघालाय, राहू दे’ म्हणाल्या. हे मी कधी विसरणार नाही.

घरी आल्यावर हल तपासले. ओतकामात नवीन पीस आला की आपण हातोडीने हलकेच वाजवतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत भेग. होडीलाही तेच. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम असतो. नाणं घेऊन वीत वीत अंतरावर टिचकी मारत गेलो. पुढच्या भागात ‘टक टक’ आणि डोलकाठीच्या जवळ एकदम ‘थप’. तिथे थर सुटले होते. खडूने वर्तुळं काढली, बारीक भोकं पाडली, पाणी निथळू दिलं, पुरतं वाळल्यावर पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) सिरिंजने भरून वर वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथेही ‘टक’ वाजलं.

आता सुकाणू. पहिल्या मालकाने सुकाणूंची मूळची पाती काढून प्लायवूडवर काचकापड चढवलेली बसवली होती. त्यातलं डावं चिरलेलं. मी घाईत ते एका गॅरेजात दिलं. नाव सांगत नाही. त्यांनी ओल्या प्लायवर पॉलिएस्टर रेझिन लावलं, वर गाडीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि आरशासारखा रंग मारला. मी तो रंग बघून खूश झालो, हा माझा अपराध. परवानगी काढून हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला उतरलो, वारा वाढला, दुसऱ्याच वळणाला ‘कड्’. हातातला सुकाणूचा दांडा एकदम हलका. पात्याचा तुकडा मागे तरंगतोय, आणि मोडल्या जागी काळपट, ओला, दारावरच्या जुन्या प्लायसारखा वास. त्या दिवशी एका सुकाणूवर काठ गाठला. सोबत माझा भाचा होता, त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं? त्या कामाचा राग अजून गेलेला नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. भरभर सांगतो.

पातं तुटलं, पण दोष एकट्या पात्याचा नव्हता. पातं ज्या ॲल्युमिनियमच्या घरात बसतं, त्याचं पिनचं भोक झिजून लांबट झालं होतं. पातं पूर्ण खाली न येता मागे कलून राहायचं आणि घरात खडखडायचं. मागे कललेल्या पात्यावर पाण्याची तरफ वाढते, दांडा जड होतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तो सगळा मार घराच्या खालच्या कडेपाशी, आणि मोडलं तिथेच.

म्हणून आधी भोक. भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, बसवला. नायलॉन पाण्यात फुगतं म्हणून ॲसिटल या टणक प्लास्टिकचा. एका घराला भेग होती, त्याचा पॅटर्न मीच केला. थंड होताना ॲल्युमिनियम मीटरला साधारण 13 मिमी आकसतं, तेवढं जास्त धरून.

मग पातं. सडलेलं लाकूड काढून टाकायचं, उरलेलं वाळवायचं. सांध्याला जाडीच्या बारापट उतार, म्हणजे 3 मिमी थराला 36 मिमी. इपॉक्सी आणि हार्डनर वजन करून, अंदाजाने नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणकट थर येतो, तो घासण्याआधी पाण्याने धुवायचा. आपल्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. पिनचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यातून पुन्हा ड्रिल, म्हणजे पाणी लाकडाला शिवत नाही. उन्हात इपॉक्सी खराब होतं, म्हणून शेवटी रंग. रंग शेवटीच.

दोन्ही पाती बसवल्यावर पुढच्या कडांमधलं अंतर मागच्यापेक्षा दोन-तीन मिमी कमी ठेवा. आणि डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. ती ॲल्युमिनियमची असते, आणि धरणाच्या काठाला विजेच्या तारा असतात.

तुटलेलं पातं आणि दुरुस्त केलेलं पातं, दोन्ही तिथे टेबलावर आहेत. शेजारी नाणं ठेवलंय. जाताना वाजवून बघा.