आठ जणांचा सेट, आणि समोर बँड

आधी फक्त आवाज ऐका, चित्राकडे नंतर बघू. ही खालून ठकठक येतेय ना, ते ड्रम नाहीयेत, पाय आहेत. आपण आहोत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, काउंटी क्लेअरमध्ये, आणि इथे ह्याला बॅटरिंग म्हणतात, म्हणजे वर रील, ही एक जलद नाचाची धून, वाजतेय आणि खाली लोक टाचेने, चवड्याने जमिनीवर तोच ताल वाजवतायत. फिडल, फ्लूट, कॉन्सर्टिना, बटन अकॉर्डियन, आणि त्यात हे शंभरेक बूट.

आयरिश डान्स म्हटलं की आपल्याला रिव्हरडान्स आठवतो, १९९४ च्या युरोव्हिजनमध्ये डब्लिनला गाजलेला, हात अंगाला चिकटलेले, पाय विजेसारखे. भारीच आहे तो, पण तो बघायचा नाच. हा सेट डान्स बघायचा नाहीच मुळी, ह्यात उतरायचं. चार जोड्या, आठ माणसं, एक चौकोन. बँडकडे पाठ करून उभी असते ती पहिली टॉप जोडी, तिच्या समोर दुसरी टॉप, उरलेल्या दोन साइड्स. सत्तरीच्या आजी, कॉलेजची पोरं, दिवसभर शेतात राबून आलेला माणूस, सगळे एकाच चौकोनात, आणि कोणी कोणाला वय विचारत नाही.

आता ह्यातली खरी गंमत. ट्यून साधारण ३२ बारची असते (बार म्हणजे तालाचं एक छोटं माप), आठ-आठ बारच्या तुकड्यांची, आणि नाचातल्या बऱ्याचशा हालचाली पण त्या आठ बारांतच बसवलेल्या. त्यामुळे थोडं मुरलं की मोजायला लागत नाही, ट्यूनच सांगते आता पुढे जा, आता वळ, आता जोडीदाराकडे परत ये. आणि बँड नुसता वाजवत नसतो, तो फ्लोअरकडे बघत असतो. लोक रंगात आलेत हे दिसलं की एका रीलमधून दुसऱ्या रीलमध्ये घुसतो, न थांबता, कधी सूर बदलून, आणि त्या एका क्षणाला अख्खा हॉल उचलला जातो, कुठून तरी "हप्!" अशी आरोळी येते आणि पाय आपोआप जोरात पडायला लागतात, मग ते ऐकून बँडला आणखी चेव येतो. रेकॉर्डिंगवर प्रॅक्टिस होते, नाही असं नाही, पण रेकॉर्डिंगला समोरची माणसं दिसत नाहीत ना. माझ्या मते सगळा आनंद ह्या देवाणघेवाणीत आहे.

आणि स्विंग! दोघांनी एकमेकांना घट्ट धरायचं, उजवे पाय जवळ, किंचित मागे झुकायचं आणि गरागरा फिरायचं. फुगडी घातलीय ना कधी, बस्स तेच, समोरच्यावर भार टाकला तरच वेग येतो.

हा नाच मुळात पॅरिसचा क्वाड्रिल, म्हणजे चार जोड्यांचा चौकोनी नाच, १९व्या शतकात सैनिकांबरोबर आणि गावोगाव फिरणाऱ्या डान्स मास्टरांबरोबर आयर्लंडभर पसरला, आणि लोकांनी त्यात आपली पावलं, आपल्या ट्यून घातल्या. क्लेअरमध्ये रील, केरी काउंटीकडे गेलात की पोल्का, ही वेगळ्या तालाची धून. नाच व्हायचे स्वयंपाकघरात, दगडी फरशीवर. काही घरांत तर फरशीखाली घोड्याच्या कवट्या पुरायचे, पावलांचा आवाज घुमावा म्हणून, असं जुने लोक सांगतात.

आयरिश भाषा आणि संस्कृती जपणाऱ्या गेलिक लीग ह्या संस्थेला मात्र हे सेट परदेशी वाटले. त्यांनी १८९७ साली लंडनमध्ये पहिली केयली, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायची संध्याकाळ, भरवली आणि वॉल्स ऑफ लिमरिक, सीज ऑफ एनिस अशा नाचांचा प्रचार केला. हे पण गोड नाच आहेत हं, सीज ऑफ एनिसमध्ये चौघांची रांग दर फेरीला पुढच्या रांगेला भेटते, त्यामुळे एका नाचात निम्म्या हॉलशी ओळख होते. पण १९३५ च्या कायद्याचा मला खरंच राग येतो. सार्वजनिक नाचाला लायसन्स लागायला लागलं, आणि त्याच्या नावाखाली घरातले, चौकातले नाच पण बंद पाडले गेले. लोक हॉलमध्ये गेले, हॉल मोठा म्हणून बँडही मोठे झाले, पियानो आला, ड्रम्स आले. किलफेनोरा आणि टला, क्लेअरचे हे दोन केयली बँड, ह्यांच्यावर लोक अजून जीव टाकतात.

मधली काही वर्षं सेट जवळजवळ विसरलेच होते सगळे. मग पाइप हे आयरिश वाद्य वाजवणारे विली क्लॅन्सी १९७३ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या गावात, मिलटाउन मॅलबेला, त्यांच्या नावाने समर स्कूल सुरू झालं. आजही दर जुलैला तिथे सकाळी वर्ग आणि रात्री केयली, घामाने शर्ट ओले, लोक बदलायला दुसरा शर्ट घेऊनच येतात. टिपररीच्या कॉनी रायन ह्यांच्यासारख्या शिक्षकांनी गावोगावचे सेट गोळा केले आणि जो येईल त्याला शिकवले.

तर कधी तिकडे गेलात आणि कोणी हात पुढे केला, तर नको म्हणू नका. फक्त सांगा की पहिल्यांदाच नाचतोय, आणि साइडला उभे रहा, कारण टॉप जोड्या आधी नाचतात, तुम्हाला एकदा बघायला मिळतं. बाकी ते सात जण तुम्हाला खांद्याला धरून योग्य जागी वळवतील. सेट संपला की जोडीदाराला थँक्यू म्हणायचं, बँडसाठी टाळ्या वाजवायच्या, आणि पुढच्या सेटला दुसऱ्या कोणाला तरी जाऊन विचारायचं.