लेखाची बांधणी आधी, इंग्रजी नंतर

(बडोद्यातील मराठी विद्यार्थी व पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो आणि पालक मंडळी,

इथे बसलेल्या बहुतेक मुलांच्या तोंडात दिवसभरात तीन-चार भाषा असतात. घरी मराठी, गल्लीत आणि दुकानात गुजराती, टीव्हीवर हिंदी, वर्गात इंग्रजी. त्यामुळे इंग्रजीत लेख लिहायचा म्हटलं की पहिली तक्रार ठरलेली: "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे." मी कॉलेजच्या मुलांचे इंग्रजी लेख बरीच वर्षं वाचते आहे, आणि ठामपणे सांगते की फसलेले बहुतेक लेख इंग्रजीमुळे फसलेले नसतात. वाक्यं बरी असतात, स्पेलिंग ठीक असतं. तरी तीन परिच्छेद वाचून झाले तरी कळत नाही की या मुलाला म्हणायचंय काय. तोच लेख त्याने मराठीत लिहिला असता तरी तो असाच फसला असता.

आणि अनेक भाषा डोक्यात असणं हे ओझं आहे, असंही कुणी समजू नका. १९१२ साली याच बडोद्यातून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघायला लागलं. त्यात इंग्रजी, गुजराती, मराठी असा तिन्ही भाषांतला मजकूर असे. पुण्याकडे बघा. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढला, तेव्हा त्याची इंग्रजी बाजू गोखले सांभाळत होते. मराठी घरातल्या माणसाने इंग्रजीत मुद्देसूद लिहिणं ही काही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

पालकांपैकी अनेकांना आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची, काळजी असते. शहरात जागोजागी त्या क्लासच्या पाट्या दिसतात. त्या परीक्षेतला दुसरा लेखनप्रश्न म्हणजे निदान २५० शब्दांचा निबंध, आणि त्यासाठी सुचवलेला वेळ ४० मिनिटं. त्याचे गुण चार निकषांवर देतात: प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं का, मुद्द्यांची सुसंगती आणि सांधणी कशी आहे, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. चारही निकषांना सारखंच वजन. म्हणजे व्याकरणाच्या वाट्याला आला पाव हिस्सा. पहिल्या दोन निकषांचे निम्मे गुण तुम्ही काय म्हणता आणि कोणत्या क्रमाने म्हणता यावर ठरतात. तरी मुलं महिनोन्‌महिने पाठ करत बसतात ते अवघड शब्द.

मग ही बांधणी बिघडते कुठे? माझ्या मते शाळेतल्या निबंधात. 'विज्ञान: शाप की वरदान' हा निबंध तुमच्यापैकी प्रत्येकाने लिहिला असेल. आधी प्रस्तावना, शक्य असेल तर सुविचाराने. मग फायदे, मग तोटे, मग उपसंहार: विज्ञान शापही आहे आणि वरदानही, वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. या साच्याने मुलाला पानभर लिहायची सवय लागते, हे मान्य. पण कोणतीही बाजू न घेता पान कसं भरायचं, हेही तो शिकवतो. इंग्रजी लेखाचा वाचक, मग तो परीक्षक असो, संपादक असो की परदेशातला प्राध्यापक, पहिल्या परिच्छेदातच विचारतो: तुझं म्हणणं काय आहे? त्याला उत्तर मिळालं नाही तर पुढची माहिती कितीही खरी असली तरी त्याला ती कुठे ठेवायची ते कळत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. एका मुलाने आपल्या विश्वामित्री नदीवर इंग्रजी लेख आणला होता. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आपल्या वस्त्यांमध्ये मगरी आल्या होत्या, ते त्याच्या डोक्यात होतं. लेखाची सुरुवात अशी: "वॉटर इज लाइफ. सिन्स एन्शंट टाइम्स, रिव्हर्स हॅव बीन द मदर ऑफ सिव्हिलायझेशन." मग नदीचा पावागडचा उगम. मग आजवा तलाव. मग मगरी. मग प्रदूषण. मग पूर. शेवटी सरकारने काय करावं आणि नागरिकांनी काय करावं. व्याकरणाच्या चुका थोड्याच होत्या. मी वही मिटायला सांगितली आणि मराठीत विचारलं, "तुला यातलं खरं म्हणजे काय खटकतं?" तो म्हणाला, "मॅडम, सगळे म्हणतात मगरी आपल्या घरात आल्या. पण नदीला पसरायला जागाच ठेवली नाही आपण. पाणी जाईल तिकडे मगर जाणार ना?"

हा त्याचा लेख. वहीतल्या दोन पानांत तो कुठेच नव्हता. मग ते वाक्य आम्ही इंग्रजीत आणलं, साध्या शब्दांत: "मगर्स एंटर अवर स्ट्रीट्स बिकॉज द रिव्हर हॅज लॉस्ट इट्स रूम टू स्प्रेड." यातला एकही शब्द शब्दकोशात शोधावा लागला नाही. पण या वाक्याने लेखातलं सगळं सामान हललं. सिव्हिलायझेशन गेलं, प्रदूषण गेलं. प्रदूषण खोटं होतं म्हणून नाही, तर या म्हणण्याशी त्याचा संबंध नव्हता म्हणून. आणि वाचकाचे प्रश्न आपोआप रांगेत उभे राहिले. जागा गेली हे कशावरून? पूर्वी नदी कुठवर पसरायची? पाऊसच जास्त झाला असेल, त्यात काठावरच्या बांधकामाचा काय दोष? आजव्यातून सोडलेल्या पाण्याचं काय? या प्रत्येक प्रश्नाला एक परिच्छेद. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, तिथे त्याला नदीकाठी जाऊन जुन्या रहिवाशांशी बोलावं लागलं. वाचक आता काय विचारेल ते ओळखायचं आणि त्याने विचारायच्या आत सांगायचं. रचना म्हणतात ती एवढीच.

आता मी ज्यासाठी मुद्दाम आले आहे, त्या लेखाकडे वळते. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्याला माहीत असतं. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तिथे प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या सेमिनारमध्ये 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या संशोधनपत्रिकेत छापून आला. निबंध वाचला तेव्हा त्यांचं वय होतं २५. म्हणजे हे एका विद्यार्थ्याचं लेखन आहे, तुमच्याहून थोड्याच मोठ्या. त्यातला विचार तर वाचाच, पण आज मी तुम्हाला त्याची बांधणी बघायला सांगते आहे.

विषय अफाट आहे, हे ते सुरुवातीलाच कबूल करतात आणि लगेच कुंपण घालतात: मी जातिव्यवस्थेचा उगम, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार यांपुरतंच बोलणार. पाहा, पहिल्याच वाक्यात निष्कर्ष मांडला पाहिजे असं काही नाही. पण वाचकाला सीमा मात्र लगेच कळते. मग ते चार अभ्यासकांच्या व्याख्या समोर ठेवतात: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, ज्यांनी पुढे ज्ञानकोश केला. या व्याख्या सजावटीला आणलेल्या नाहीत. एकेक हातात घेऊन ते तपासतात. कुणी परिणामालाच कारण समजतो आहे, ते दाखवतात. केतकरांना मान देतात, आणि त्यांनी सांगितलेली दोन लक्षणं एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हेही दाखवून देतात. अशी चाळणी लावत शेवटी एकच लक्षण उरतं: जातीतल्या जातीत विवाह.

आणि इथून लेखाला वेग येतो. गटाबाहेर लग्न करायचं नाही, हे टिकवायचं तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. मग नवरा मेला की मागे राहिलेल्या बाईचं काय? बायको मेली की पुरुषाचं काय? या प्रश्नांतून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचं स्पष्टीकरण निघतं. वेगवेगळ्या वाटणाऱ्या तीन रूढी एका कारणाला येऊन मिळतात. वाचताना वाटतं, पुढचं पाऊल दुसरीकडे पडूच शकलं नसतं. अखेरीस ते आपले निष्कर्ष चार मुद्द्यांत नोंदवतात, आणि हे अंतिम आहेत असा आपला दावा नाही, असंही सांगतात. या निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलीने मराठीत एकेक ओळ लिहून बघा. इंग्रजी लेख कसा बांधतात याचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

परिच्छेदाच्या आत काय करायचं, तेही सांगते. कोचिंगच्या नोट्समध्ये मोरओव्हर, फर्दरमोअर, हाउएव्हर अशा शब्दांच्या याद्या पाठ करायला देतात. मला त्या याद्या आवडत नाहीत. वाक्यं मुळात जुळलेली नसतील तर फर्दरमोअर लावून ती जुळत नाहीत. सांधणी होते ती अशी, की आधीच्या वाक्याने जे हाती दिलं, तिथूनच पुढचं वाक्य सुरू होतं. त्या मुलाच्या लेखात होतं: विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. आजवा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात बांधला गेला. पावसाळ्यात पूर येतो. तिन्ही विधानं खरी, पण एकमेकांना अनोळखी. आता ऐका: विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते. त्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी घेऊन ती शहराकडे येते. त्या पाण्यात भर पडते आजव्यातून सोडलेल्या पाण्याची. दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी आलं, की नदी पात्र सोडते. एकही मोरओव्हर लागला नाही. हे मी मराठीत दाखवलं, कारण कोणत्याही भाषेत ते असंच चालतं.

एका ठिकाणी मात्र आपली मराठी सवय आडवी येते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ऐकणारा त्याची वाट बघायला सरावलेला असतो. त्या सवयीने आपण इंग्रजीत "द हाउसेस" असं सुरू करतो, मग कोणती घरं, कधी बांधलेली, कुणी बांधलेली, कुठल्या काठावर, असं सगळं मध्ये कोंबतो आणि फार उशिरा "आर फ्लडेड"पाशी पोचतो. इंग्रजी वाचकाचा तोवर धीर सुटतो. कर्ता आणि क्रियापद जवळजवळ ठेवा, उरलेल्याचं दुसरं वाक्य करा.

सराव कसा करायचा, हे बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. तो बोस्टनला भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. 'स्पेक्टेटर' या नियतकालिकाचा एक खंड त्याच्या हाती लागला. त्यातल्या लेखाच्या प्रत्येक वाक्याचा आशय तो थोडक्यात टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचा आणि मग टिपणांवरून लेख पुन्हा स्वतः लिहून मूळ लेखाशी ताडून बघायचा. कधी तर ती टिपणं मुद्दाम उलटसुलट करून ठेवायचा आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावायला बसायचा. विचारांची मांडणी शिकण्यासाठी हे करत होतो, असं तो स्पष्ट सांगतो.

तुम्ही यात एक बदल करा: टिपणं मराठीत लिहा. वर्तमानपत्राच्या संपादकीय पानावरचा एखादा इंग्रजी लेख घ्या, परिच्छेदागणिक एक चिठ्ठी करा आणि चिठ्ठ्या मिसळून टाका. आठवड्याने क्रम लावताना तुम्ही अडाल, आणि जिथे अडाल तिथेच शिकाल. टिपण मराठीत असल्यामुळे मूळ लेखातली वाक्यं पाठ म्हणून उतरवता येणार नाहीत. ती तुमची तुम्हालाच घडवावी लागतील. हीच युक्ती स्वतःच्या कच्च्या लेखावरही चालते. समासात प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एका मराठी ओळीत लिहा. ओळ सुचलीच नाही तर तो परिच्छेद काढा. दोन ओळी लागल्या तर त्याचे दोन परिच्छेद करा. मग नुसता समास वरपासून खालपर्यंत वाचा. समासात धागा तुटला असेल, तर इंग्रजी कितीही घासूनपुसून लेख सुधारणार नाही.

आता मोबाइलचं. चॅटबॉटला विचारून लेख लिहावा का, असं पालकही विचारतात. माझं मत असं: 'अ' कुठे, 'द' कुठे, 'इन' की 'ऑन', हे सगळं लिहून झाल्यावर त्याला खुशाल विचारा. 'अ' आणि 'द' आपल्या भाषेत नाहीतच, तिथे मदत घेण्यात काहीही वावगं नाही. पण आराखडा त्याच्याकडून घेऊ नका. विश्वामित्रीवर आराखडा मागितला तर तो उगम, महत्त्व, समस्या, उपाय अशी यादी क्षणात देईल, आणि ती त्या मुलाच्या पहिल्या दोन पानांसारखीच असेल. नदीला जागा ठेवली नाही ही खंत त्या मुलाची होती, आणि ती बाहेर यायला त्याला वही मिटून थोडा वेळ गप्प बसावं लागलं होतं.

माझं बोलणं इथे थांबवते. आता प्रश्न घेऊ, मराठीत विचारा, गुजरातीत विचारा, चालेल. ज्यांनी स्वतःचे लेख सोबत आणले आहेत त्यांनी पुढे यावं, पहिला परिच्छेद हाताने झाकावा आणि दुसऱ्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात करावी.