मॉलसमोरचा रस्ता: दोन नोकऱ्या, एक पगार

मंडळी, उपनगरातल्या मॉलसमोर अडकलेला माणूस साधारणपणे तिघांवर चिडतो: सिग्नलवर, पुढच्या गाडीवाल्यावर आणि ‘फार गाड्या झाल्यात हल्ली’ या परिस्थितीवर. तिसऱ्या रागाशी माझं थोडं भांडण आहे. गाड्या वाढल्यात, कबूल. पण दोन किलोमीटर अलीकडे तोच रस्ता, तितक्याच लेन आणि जवळपास तितक्याच गाड्या असूनही सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग मॉलच्या पुढ्यातल्या तीन-चारशे मीटरमध्येच असं काय होतं?

होतं एवढंच, की तिथं एकाच रस्त्याला दोन नोकऱ्या कराव्या लागतात. लांबून आलेल्याला न थांबवता पुढे पोचवायचं, ही पहिली. आणि ज्याला वळायचंय, थांबायचंय, गेट शोधायचंय त्याला सांभाळून घ्यायचं, ही दुसरी. पहिलीला वेग लागतो, दुसरीला सावकाशपणा. नेदरलँड्सने १९९० च्या दशकात रस्ते सुरक्षित करण्याचं धोरण आखलं, त्यात हे स्पष्ट लिहिलं: रस्ता एकतर वाहता ठेवण्यासाठी असेल, नाहीतर घरादारांपर्यंत पोचवण्यासाठी, दोन्ही कामं एकाच पट्ट्यावर लादायची नाहीत. मधल्या दर्जाचे रस्ते या दोघांना जोडतात, तेही शक्यतो चौकातच. मॉलसमोर आपण नेमकं उलटं करतो.

याची मुळं जुनी आहेत. व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा वास्तुविशारद १९३८ मध्ये नाझींपासून सुटून अमेरिकेत आला. डेट्रॉइटजवळचं नॉर्थलँड सेंटर १९५४ चं, मिनेसोटातलं साउथडेल १९५६ चं, ही दोन्ही खरेदी-केंद्रं त्याची. साउथडेल हा अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल मानला जातो. गंमत अशी, की ग्रुएनला मोटारींचं प्रेम नव्हतं. त्याला माणसं पायी हिंडतील असं केंद्र हवं होतं, आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाने हवे होते. बांधकाम व्यावसायिकांनी त्यातली इमारत आणि पार्किंग तेवढं उचललं, बाकीचं कागदावर राहिलं. म्हातारपणी त्याने या पिलावळीशी आपला संबंध नाही असं जाहीर करून टाकलं. तोवर पद्धत जगभर पोचली होती: शहराबाहेर स्वस्त जमीन बघायची, लोकांच्या पैशांतून झालेला मोठा रस्ता शेजारून जातोय ना एवढं तपासायचं आणि त्यावर गेट उघडायचं.

आता त्या गेटापाशी जरा थांबू. साधा चौक घ्या, चार रस्ते, प्रत्येकी दोन्ही दिशांची वाहतूक. तिथं दोन गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडू शकतील अशा जागा मोजल्या तर ३२ भरतात. गेट म्हणजे तीन फाट्यांचा चौक, तिथं ९. हमरस्त्यावर मॉलची तीन गेटं असली की झाले २७, आणि तेही दोन सिग्नलांच्या मधे, जिथं चालकाच्या मते काहीच घडायला नको. सगळ्यांत त्रासदायक वळण समोरच्या रांगेला छेदून जाणारं. डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशांत ते उजवं, उजवीकडून चालवणाऱ्या देशांत डावं. त्या एका गाडीला समोरून फट मिळेपर्यंत मागची सगळी लेन उभी. दुभाजक घातला आणि त्या गेटातून फक्त जवळच्या बाजूने आत, जवळच्या बाजूने बाहेर एवढंच ठेवलं, तर ९ चे २ होतात. त्यासाठी पुढच्या चौकात सुरक्षित यू-टर्न किंवा वर्तुळाकार चौक द्यावा लागतो. दुकानदार लगेच म्हणतात, गिऱ्हाईक पळेल. माझं म्हणणं असं, की वीस मिनिटं रांगेत उभं राहून जे पळालं नाही, ते दोनशे मीटरच्या वळशाने कसं पळेल?

दुसरा दोष गेट चौकाच्या किती जवळ आहे याचा. हिरवा दिवा लागल्यावर एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक गाडी सुटते. तीस सेकंदांचा हिरवा असेल तर सुरुवातीचा वेळ वजा जाता चौदाएक. उभ्या गाडीला मधल्या फटीसह सात मीटर धरू. गेट चौकापासून साठ मीटरवर असेल तर मधे आठ गाड्या मावतात. गेटापाशी आत वळणारे खोळंबले, की ही आठांची जागा हिरवा संपायच्या आत भरते आणि नववी गाडी चौकाच्या मधोमध उभी राहते. आता आडव्या रस्त्याला हिरवा मिळाला तरी उपयोग नाही. लोक म्हणतात, सिग्नल बिघडलाय. वाहतूक खातं येऊन सेकंद कमी-जास्त करून जातं. वेळेचा प्रश्नच नाही तो. पुढे जागा नसताना हिरवा कितीही वेळ ठेवला तरी गाडी जाणार कुठे?

आणि गेटातून आत गेल्यावर काय? समजा, तिकिटाचा दांडा अगदी तोंडाशीच आहे. काच खाली, बटण, तिकीट, दांडा वर: प्रत्येकी दहा सेकंद धरा. म्हणजे तासाला ३६० गाड्या, त्याही एकही चालक खिसे चाचपत बसला नाही तर. सिग्नल दोन सेकंदांना एक पाठवतोय आणि दांडा दहा सेकंदांना एक घेतोय. उरलेल्या सार्वजनिक रस्त्यावर. गेट आणि आतलं पहिलं वळण यांमधल्या मोकळ्या तुकड्याला आमच्या धंद्यात थ्रोट म्हणतात. तो लांब ठेवायचा, दांडा खूप आत न्यायचा, जमलं तर फक्त बाहेर पडताना ठेवायचा. रांग लागणारच असेल तर ती मॉलच्या जमिनीवर लागू दे! पण ती जमीन महागाची, तिथं चार गाड्या जास्त उभ्या करता येतात. म्हणून रांग बाहेर ढकलली जाते. मला विचाराल तर हा सरळसरळ खासगी गैरसोयीचा सार्वजनिक हिशेब आहे.

अजून एक. शेजारी-शेजारी दोन संकुलं, मधे कुंपण. इकडून तिकडे जायचं तर गाडी काढा, हमरस्त्यावर या, पन्नास मीटर जा, पुन्हा वळा. या फेऱ्या नकाशावर कुठेच दिसत नाहीत. कुंपणाला एक वाट ठेवली तर त्यातल्या बऱ्याच नाहीशा होतील.

मग हे परवानगी देताना कुणाला कळत नाही? कळतं. वाहतुकीचा अहवाल होतो, पण मोजणी बरेचदा कामाच्या दिवशी संध्याकाळची असते. मॉलची खरी झुंबड शनिवार-रविवारी. शिवाय ‘हे लोक तसेही या रस्त्याने जाणारच होते, वाटेत डोकावले’ असं म्हणून काही गाड्या वजा करतात. हमरस्त्यापुरतं ते बरोबर आहे. पण डोकावणाऱ्यालाही गेटातून आत वळावं लागतं आणि परत बाहेर यावं लागतं. गेटाच्या हिशेबातून त्याला वगळलं की अहवालातला चौक वाहतो आणि खरा तुंबतो.

पार्किंगबद्दल थोडक्यात. अमेरिकेत मॉलचं पार्किंग बरीच वर्षं वर्षातल्या विसाव्या सर्वाधिक गर्दीच्या तासाला पुरेल एवढं आखत. म्हणजे वर्षभर बहुतांश डांबर रिकामं. किमान इतक्या जागा हव्यातच, या सक्तीवर पार्किंगचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर टीका केली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच बफेलो शहराने ती सक्ती काढली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादा आणली. पार्किंगच्या या पसाऱ्यामुळे मॉलची इमारत रस्त्यापासून इतकी मागे जाते, की बस थांब्यावर उतरलेल्या माणसाला गाड्यांमधून, फूटपाथाशिवाय चालत दार गाठावं लागतं. तो पुढच्या वेळी गाडी घेऊन येतो, आणि रांगेत एक वाढतो.

बांधून झालेल्या मॉलचं काय करायचं, हा प्रश्न मला हमखास येतो, म्हणून आधीच बोलतो. कोलोरॅडोत लेकवुड इथं व्हिला इटालिया नावाचा जुना मॉल पाडून त्या जागी बेलमार नावाची वस्ती उभी केली; पहिला टप्पा २००४ मध्ये सुरू झाला. एका अजस्र तुकड्याऐवजी वीसहून अधिक छोटे ब्लॉक, मधून रस्ते, वर घरं, खाली दुकानं. वाटा अनेक झाल्या, की सगळा भार दोन-तीन गेटांवर येत नाही. सगळीकडे एवढं पाडता येणार नाही. पण पार्किंगच्या मधून एक खरा रस्ता, फूटपाथासकट, मागच्या वस्तीपर्यंत काढणं पुष्कळ ठिकाणी शक्य असतं. अडतं ते बहुधा एकाच गोष्टीवर: तो रस्ता मॉलचा राहणार की नगरपालिकेचा, आणि रात्री त्याचं गेट कोण बंद करणार. याच्यावर तुमचे प्रश्न असतील, ते आता घेऊ.