हिरव्या ठिपक्याचं मॅनेजमेंट

मागे आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'बदलतं कामाचं जग आणि प्रभावी व्यवस्थापन कौशल्यं', त्यावर येतोच, पण आधी मला हिरव्या ठिपक्यावर बोलायचंय, कारण ते पोटात फार दिवस साठलंय.

चॅटमध्ये आपल्या नावाला चिकटलेला असतो तो ठिपका. हसताय म्हणजे ओळखलात. थोडा वेळ माऊस हलला नाही की पिवळा होतो. आमच्या आधीच्या ऑफिसात एक साहेब होते, नाव नको, 2020 साली सगळे घरी बसलो तेव्हा त्यांना डोळ्यासमोर माणसं दिसेनात, मग ते दिवसभर ठिपके बघत बसायचे आणि पिवळा दिसला रे दिसला की मेसेज, 'आहेस का?' टीममधली एक मुलगी कोड लिहायच्या आधी वहीत आकृत्या काढायची, तासभर माऊसला हात नाही. सगळ्यात कमी चुका तिच्या कामात आणि सगळ्यात जास्त 'आहेस का?' तिलाच! शेवटी वैतागून तिनं ऑप्टिकल माऊस काट्याच्या मनगटी घड्याळावर ठेवला. खाली सेकंदकाटा फिरतो, सेन्सरला वाटतं माऊस हलला, कर्सर जरासा थरथरतो, ठिपका हिरवागार. अप्रेझलला साहेब म्हणाले, 'उपस्थितीत चांगली सुधारणा आहे.' (टाळ्या तिला द्या, मला नको.)

आता हे घड्याळाचं वेड काही साहेबांनी शोधलेलं नाही. फ्रेडरिक टेलर, अमेरिकन इंजिनिअर, स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहिला. बेथलेहेम स्टीलमध्ये माणसामागे रोज साडेबारा टन लोखंड उचललं जायचं, ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं असं त्यानं 1911 साली लिहिलं. त्या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, ते सोडा, पण लोखंडाच्या कांबी मोजता येतात एवढं तरी खरं. 1959 च्या सुमाराला व्यवस्थापनावर लिहिणारा पीटर ड्रकर 'ज्ञानकर्मी' म्हणायला लागला, ज्याचं काम डोक्यात चालतं. खिडकीबाहेर बघणारा माणूस काम करतोय की झोपलाय हे कुठलं घड्याळ सांगणार? काम बदललं, नजर तीच राहिली, माझं सगळं भांडण एवढंच आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग कौशल्यं उरकतो. काम देताना काय हवं, कधी हवं आणि 'झालं' कशाला म्हणायचं हे लेखी द्या, निम्मे फॉलोअप तिथेच मरतात. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी एकट्यानं बोला, त्यात स्टेटस विचारू नका, कुठे अडलंय ते विचारा, आणि अडलेलं सोडवणं हे तुमचं काम, त्याचं नाही. नुसती माहिती द्यायला मीटिंग लावू नका, दोन ओळी लिहा. नवीन माणसाला मात्र रोज वेळ द्या, स्वातंत्र्याच्या नावाखाली त्याला वाऱ्यावर सोडणारे साहेबही मी पाहिलेत, पण तो किस्सा लांब आहे. डेलिगेशन, म्हणजे काम दुसऱ्यावर सोपवणं, राहिलंच. कोणी प्रश्नोत्तरात विचारलं तर तेवढं सांगतो.